राजाचा डावा कान

नाशिक
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

शाझिया,

आधी चूक दुरुस्त करते. ३० डिसेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की पुतळ्यातल्या राजाचा डावा कान तुझ्या अब्बूंनी लावला. ते खरं नाही. तो कान मी लावला. बद्रुद्दीन चाचा त्या दिवशी कारखान्यात नव्हतेच, दाढ काढायला गेले होते. भिंतीवरून साचा मी उतरवला, त्यात माती मी दाबली आणि राजाच्या डोक्याला ती मी जोडली. दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

त्या पत्रात आणखी दोन चुका होत्या. चाचांना पोलीस चौकीत तीनदा बोलावलं असं लिहिलं होतं. चारदा बोलावलं. आणि तिथे त्यांना खुर्ची दिली असंही लिहिलं होतं, पण ते मी पाहिलेलं नव्हतं. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचे, सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. पाचव्या तासाला कुणीतरी विचारायचं, "तुमचं काय काम आहे?" हे मला मागाहून माझ्या आप्पांकडून कळलं.

तू माझा नंबर बंद केलास हे योग्यच केलंस. शिक्षणसंस्थेला दिलेल्या खुलाशाचा फोटो ग्रुपवर फिरला आणि त्यातलं अक्षर तू ओळखलंस. ते माझंच आहे. आप्पा सांगत होते आणि मी लिहीत होते: "सदर कान साचे सांभाळणारे कारागीर बद्रुद्दीन यांच्या हातून लागला." त्यात 'अनवधानाने' हा शब्द मी माझ्या मनाने घातला. तो घातल्यावर मला वाटलं, मी चाचांना वाचवलं. खरंच तसं वाटलं. मग खाली साक्षीदार म्हणून सही केली.

आपल्याकडे कान नवा करत नाहीत, हे तुला सांगायला नको. डोळे, नाक, ओठ ज्याचे त्याचे, कान मात्र भिंतीवरचा. आप्पा म्हणतात, "पुतळा चौथऱ्यावर चढला की कानाकडे कोण बघतं?" तू आणि मी लहानपणी त्या भिंतीसमोर उभ्या राहायचो. चाळीस खिळे, चाळीस कान. तू म्हणायचीस, इतके कान असून एकाला चुगली करता येत नाही.

पण खिळा क्रमांक एकेचाळीस तू लग्न होऊन मालेगावला गेल्यावर ठोकलेला आहे. दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे साहेबांचा, एकसष्टीनिमित्त अर्धपुतळा आपल्याकडे झाला. साहेब देवळ्याकडचे पैलवान गडी. कान मोडलेले, जर्दाळूसारखे सुकून आत गोळा झालेले. तसा कान आपल्या भिंतीवर नव्हता. म्हणून चाचांनी साहेबांना खुर्चीत बसवून त्यांच्या कानावरूनच साचा घेतला. काम झाल्यावर तो फोडायला हवा होता. पण आपल्याकडे साचा कधी फोडलाय? चाचांनी तो टांगून ठेवला.

त्यातून हे सगळं झालं. आप्पांनी चाचांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. "वातावरण निवळेपर्यंत," म्हणाले. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

तू उत्तर द्यायला हवंस असं नाही.

मैना


सोमवार, १९ जानेवारी

शाझिया,

उत्तर नको असं लिहिलं, आणि रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहते. म्हणजे तेही खोटंच.

काम काय होतं ते तुला धड कुणी सांगितलं नसेल. ग्रुपवर फक्त कानाचा फोटो आहे.

गंगापूर रोडला संस्थेचं नवं नाट्यगृह झालं. कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या उज्वला मॅडम आप्पांकडे आल्या होत्या. त्यांना दारातल्या चौकात एक ग्रीक शोकांतिका हवी होती. आप्पा म्हणाले, "आम्ही शिवाजी महाराज करतो, आंबेडकर करतो, साईबाबा करतो. ग्रीक आम्हाला काय माहीत?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला द्या. हिनं डिप्लोमा केलाय." माझ्या नावाचं ते पहिलं काम.

मॅडमनी मला नाटक वाचायला दिलं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. एक राजा आहे. त्याच्या भाच्याने शहरावर चाल केली आणि तो वेशीबाहेर मरून पडला. राजा हुकूम काढतो की याला कुणी मूठमाती द्यायची नाही. मेलेल्याची बहीण जाते आणि मूठभर माती टाकते. मूठभरच. राजा तिला शिक्षा सुनावतो. त्याला त्याचा मुलगा सांगतो, म्हातारे सांगतात, एक आंधळा ज्योतिषी सांगतो. तो कुणाचं ऐकत नाही. शेवटी ऐकतो तेव्हा ती पोर मेलेली असते, तिच्यापाठी तिच्याशी लग्न ठरलेला त्याचा मुलगा जातो, मुलापाठी बायको जाते. राजा तेवढा उरतो.

मी तीनदा वाचलं. मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? राजा दुष्ट नाही. त्याला मागे फिरायचं असतं. पण एकदा सगळ्यांसमोर बोलून बसलेला असतो.

म्हणून मी राजा माणसाएवढाच केला. मोठं केलं ते सिंहासन. त्यावर तो नीट बसलाय, पाठ ताठ, पण पाय जमिनीला टेकत नाहीत. दोन बोटं कमी पडतात. त्याच्या पायाशी ती बहीण गुडघ्यांवर आहे, तिची मूठ पुढे आलेली. पुतळा फायबरचा, पण मुठीत चाचांनी आपल्या आवारातली खरी माती भरली. "फायबर में फायबर की मिट्टी नको," म्हणाले.

२२ डिसेंबरला साहेब नाट्यगृहात बघायला आले, तेव्हा पुतळा अजून चौथऱ्यावर चढवलेला नव्हता. त्यांच्याबरोबर दहाबारा माणसं होती. मी भिंतीला टेकून उभी होते.

"ह्यो राजा कोन?" साहेबांनी विचारलं.

उज्वला मॅडमनी गोष्ट सांगितली. साहेबांनी सगळी ऐकली आणि म्हणाले, "मग येडाच म्हनायचा की. ऐकायचं ना एखाद्याचं."

सगळे हसले. साहेब सिंहासनाला वळसा घालून गेले, राजाच्या मानेवर हात ठेवला, कानामागून बोटं फिरवली. मग पायांकडे बघून मला विचारलं, "पोरी, पाय का लोंबाया लागलेत ह्याचे?"

"सिंहासन उंच आहे," मी म्हणाले.

"मग पाट दे की पायाखाली!"

पुन्हा सगळे हसले. साहेब सगळ्यात जास्त. त्यांना राग आलेला नव्हता. हे मी शपथेवर सांगते.

राग दुसऱ्या दिवशी आला. त्यांचे स्वीय सहायक सुनील यांनी आदल्या दिवशी काढलेल्या फोटोत कुणीतरी कान ओळखला. एका बाजूला राजाचा कान, दुसऱ्या बाजूला साहेबांचा, आणि खाली 'ओळखा पाहू'. देवळ्यापासून इगतपुरीपर्यंत गेला. पुतळ्यावर ताडपत्री पडली. सुनील कारखान्यात येऊन आप्पांना म्हणाले, "साहेबांना राजा केलाय तुम्ही? तो पण असला, ज्याचं घर बुडतं?"

आप्पा घाबरले. मी पाच फुटांवर होते, हातात ओलं फडकं. सुनीलनी विचारलं, "कान कुणी लावला?"

आप्पा म्हणाले, "साचे बद्रुद्दीन बघतो."

ते खरंच होतं, शाझिया. साचे चाचाच बघतात. आप्पांनी खोटं असं एकही अक्षर उच्चारलं नाही. आणि चाचा समोरच प्लास्टर चाळत होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "हो. हातून झालं."

मी फडकं पिळलं. त्यातून पाणी आलं नाही इतकं ते आधीच पिळलेलं होतं.

सुनील जाताना दारात दुसऱ्या माणसाला म्हणाले, "बद्रुद्दीन? मग बरोबर आहे." काय बरोबर आहे ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांनी सांगितलं. मुद्दाम केलं, ते असंच करतात, आणि असलं बरंच. मी ते इथे लिहीत नाही. तू वाचलंच असशील.

मैना


मंगळवार, २७ जानेवारी

शाझिया,

तुझं पाकीट आलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा आप्पा समोर होते, म्हणून न फोडता ओट्यावर ठेवलं आणि कणीक मळून घेतली. मग फोडलं. एकच ओळ होती.

'तो कान कोणाचा आहे हे तुला माहीत होतं का?'

दोन पत्रांत मी इतकं लिहिलं, आणि हेच लिहिलं नव्हतं. तुला बरोबर कळलं.

हो. माहीत होतं.

भिंतीवर चाळीस सरळ कान होते. मी आधी चौदा नंबरचा काढला होता, तो लावूनही बघितला. राजा चांगला दिसत होता, पण नाटकातल्या कपड्यांतल्या राजासारखा. मग एकेचाळीस नंबर लावला. आणि तो माणूस झाला. कधीतरी मातीत लोळलेला, कुणाच्या तरी हातून चितपट झालेला, आणि आता सिंहासनावर बसून ऐकू न येणारा. मी मागे सरून बघितलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने "वा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी चाचा आले. त्यांनी बघितल्याबरोबर ओळखला.

"मैना, ये तो साहेब का कान."

"कोण बघतंय चाचा, कानाकडे?"

हे मी म्हणाले. आप्पांचंच वाक्य. चाचांनी मान हलवली आणि म्हणाले, "काम अच्छा हुआ है. पण बदल दे." मी बदलते म्हणाले. बदलला नाही. अख्ख्या पुतळ्याचा साचा घ्यायच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी बादलीत बघत राहिले. त्यांनी प्लास्टर ओतलं.

म्हणजे 'अनवधानाने' हेही खोटं. चाचांचं अनवधान नव्हतं आणि माझंही नव्हतं. या सगळ्या प्रकरणात कुणाचंच अनवधान नाही.

मला साहेबांची टिंगल करायची होती का? नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. मला राजा खरा करायचा होता. पण तो खरा झाला तो त्या कानाने, आणि कान त्यांचा. मग हे टिंगल नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

आणखी एक गोष्ट तुझी आहे आणि तुला सांगितलेली नाही. त्या बहिणीची मूठ तुझी आहे. आपण नववीत असताना चाचांनी आपल्या दोघींच्या हातांचे साचे घेतले होते, आठवतं? तू मूठ घट्ट आवळली होतीस आणि चाचा ओरडत होते, "ढिली कर, साचा निकलेगा नहीं." माझा हात उघडा होता. तोही अजून माळ्यावर आहे. पुतळ्यासाठी मी आधी स्वतःचाच हात काढला होता. नाही जमला. माती टाकणारा हात तो नाही.

तुला न विचारता तुझा हात वापरला. याबद्दल माफी मागते. बाकीच्याबद्दल माफी मागायचा हक्क माझ्याकडे आहे असं वाटत नाही.

मैना


मंगळवार, ३ फेब्रुवारी

शाझिया,

या आठवड्यात मी तीन ठिकाणी गेले. तिन्हीकडून परत आले.

आधी आप्पांकडे. म्हणजे घरातच. जेवताना म्हणाले, "आप्पा, मी संस्थेत जाऊन खरं सांगणार." आप्पांनी घास खाली ठेवला. "सांग. मग काय होईल? बद्रुचं नाव निघेल? निघणार नाही. तुझं वर चढेल. दोघं बुडाल." मग हळूच म्हणाले, "बद्रु मला ओळखतो. तो सांभाळून घेईल." शाझिया, माझे आप्पा वाईट नाहीत. मला मातीला पाणी किती लावायचं ते त्यांनी शाळेच्या आधी शिकवलं. चाचांचं नाव घेताना त्यांचा आवाज फाटतो. पण ते नाव घेतातच.

मग शनिवारी वडाळ्याला, तुमच्या घरी. चाचा पलंगावर बसून कुणाची तरी मिक्सरचा जार दुरुस्त करत होते. मला बघून हसले.

"आ गई? बस. चाय पी."

"चाचा, मी साहेबांना सांगणार आहे कान मी लावला."

"क्या बोलेगी? कान मेरा है?" ते हसायला लागले. "अगं, कान तर साहेब का है!"

मी रडायला लागले. त्यांनी जार बाजूला ठेवला. म्हणाले, "ऐक. साहेब मोठ्या मनाने माफ करणार आहेत. नाट्यगृहाच्या कार्यक्रमात. मी शिडीवर चढून तो कान काढायचा, दुसरा बसवायचा, हात जोडायचे. दोन मिनटं. रोजे सुरू व्हायच्या आधी सगळं निपटून जाईल. तेरा पहला काम है बेटा, पुतळा तरी राहील."

"आणि तुमचं?"

त्यांनी उजवा हात वर केला, अर्ध्या अंगठ्याचा. "मेरा तो आधा पहिलेच गया."

मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "ते टीव्हीवाले येतील म्हणतात. मालेगावात दिसेल का गं? शाझिया बघेल?" मग म्हणाले, "तिला नको सांगू मी विचारलं."

सांगितलं. मला याचंही वाईट वाटतंय, पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, आणि चाचांनी लपव म्हटलेलंही त्यात येतं की नाही हे मला ठरवता आलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी रविवारी सकाळी गेले, साहेबांच्या बंगल्यावर. खालच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं अर्ज घेऊन बसलेली. माझा नंबर दोन तासांनी लागला. मी दारातच म्हणाले, "तो कान मी लावला."

साहेबांनी हातानेच बाकीच्यांना बाहेर काढलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"पैलवानाला हात कळतो, पोरी. तुझ्या चाचानं माझ्या कानाला प्लास्टर लावलं ना, तवा बोटाच्या सांध्यानं दाबत व्हता. अंगठा थोटा हाय त्याचा. मी त्या पुतळ्याच्या कानामागं बोटं फिरवली. तिथं भरला अंगठा हाय. बारीक."

मला वाटलं आता सगळं सुटलं. मी विचारलं, "मग चाचांनी माफी का मागायची?"

ते स्वतःचा कान चोळत होते. त्यांना ती सवय आहे.

"त्यानं केलं तर ती चूक. चूक माफ करता येती. तू केलं तर ती टीका. टीकेला उत्तर द्यावं लागतं. मग तो पुतळा फोडावा लागंल. मला नाय फोडायचा. लय चांगला झालाय."

"पण तुम्हाला राग नाही आला. तुम्ही हसलात."

"मला काय वाटतं ते कोन इचारतंय?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "ती बाहेर बसलेली मानसं बघ. तो फोटो त्यांनी बघितला. मी हसलो तर त्यांनी कुठं बघायचं? सोळा सरपंचांचे फोन आले मला, काय करता म्हनून. आता मागं कसं फिरू?"

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. मी मुद्दाम बघितलं. चपलांसकट जमिनीला नीट टेकले होते. माझ्या पुतळ्यात ते चुकलं.

"नाटकातला राजाही हेच म्हणतो," मी म्हणाले.

"मंग?" साहेब म्हणाले. "शेवटाला काय हुतं ते मला मॅडमनी सांगितलंय. पन तो शेवट हुता, कळलं का. मधल्या टायमाला त्यालाबी दुसरं काय सुचत नसंल."

त्यांनी मला चहा पाजून पाठवलं. जाताना म्हणाले, "हुशार हायेस. गप ऱ्हा."

माझ्यावर कुणीच ओरडलं नाही, शाझिया. तिघांनी मला समजावून सांगितलं. प्रत्येकाचं ऐकताना मला ते बरोबर वाटत होतं. बसमध्ये बसल्यावर कळलं की तिघांच्या बोलण्यात शिडीवर चाचाच उभे आहेत.

मैना


सोमवार, ९ फेब्रुवारी

शाझिया,

निमंत्रण पत्रिका छापून आली. 'नाट्यगृह लोकार्पण व शिल्प अनावरण'. कानाचा उल्लेख नाही, पण सुनील सगळ्यांना सांगत फिरतायत की साहेब कारागिराला माफ करणार आहेत, कॅमेरे लावा.

नवा कान मीच केला. चौदा नंबरचा. आप्पांनी सांगितलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही. तो कापसात गुंडाळून डब्यात ठेवलाय. गुळगुळीत, कुणाचाही असेल असा.

व्यवस्था अशी: आधी सिंहासनाच्या बाजूला शिडी. चाचा वर चढणार. आप्पांचा गुडघा दुखतो म्हणून शिडी धरायला आणि कापायचं मशीन वर द्यायला मी. साहेब समोर, हातात माइक. चाचा कान कापणार, नवा बसवणार, खाली उतरून हात जोडणार. साहेब त्यांना शाल देणार. शाल केशरी की पांढरी यावर सुनील आणि उज्वला मॅडम यांचं भांडण झालं. मॅडमनी पांढरी म्हटलं. त्या एवढंच करू शकल्या. मला म्हणाल्या, "मी नोकरीत आहे गं," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

परवा, शनिवारी, माप घ्यायचं म्हणून मी नाट्यगृहात गेले. वॉचमनने ताडपत्रीचं एक टोक उचलून दिलं. पुतळा आता चौथऱ्यावर आहे, म्हणून शिडीवर चढून मी राजाच्या डाव्या कानामागे हात घातला. जोडताना दाबलेला खळगा तसाच उतरलाय. मी अंगठा ठेवला. बसला. नखाची कडसुद्धा बसली. चाचांचा तिथे बसणारच नाही, त्यांच्या अंगठ्याला ते पेरच नाही. आपण सातवीत होतो तेव्हा ते गेलं. सगळ्या कारखान्याला माहीत आहे, चौकीतल्या लोकांनी चार दिवस तो हात समोर बघितला, आणि कुणालाही दिसलं नाही. कान कापला की तो खळगाही जाईल.

म्हणून मी ठरवलंय. मशीन चाचांच्या हातात देणार नाही. मी स्वतः वर चढणार, अंगठा तिथे ठेवणार आणि तीन वाक्यं बोलणार. लिहून काढली आहेत. आधी अकरा होती, त्यात माझी बाजू फार होती, ती काढली. 'हा कान मी लावला. कोणाचा आहे हे माहीत असून लावला. बद्रुद्दीन चाचांनी माफी मागायची नाही.'

यातून काय होईल याबद्दल माझ्या काही भलत्या आशा नाहीत. माइक बंद करतील. मला खाली ओढतील. साहेबांना मग पुतळा फोडावा लागेल, आणि ते फोडतील, वाईट वाटून फोडतील. आप्पांचं संस्थेचं काम जाईल. चाचा माझ्यावर चिडतील. कदाचित ते तरीही हात जोडतील, मग माझं बोलणं वायाच. आणि हे मी त्यांच्यासाठी करतेय की माझ्या मनाला झोप यावी म्हणून, हेही मला नक्की सांगता येत नाही. नाटकातली ती बहीण किती ठाम आहे! मी तशी नाही. ती तीन वाक्यं मी सकाळपासून दोनदा फाडून पुन्हा लिहिली, आणि आज सोमवारच आहे.

मी बोलणारच नाही, असंही होऊ शकतं. मी स्वतःला ओळखते. मी फडकं पिळत उभी राहू शकते. म्हणून हे पत्र. तू यावंस म्हणून नाही. तुझ्या सासूबाई, जहिदाखाला, तुला येऊ देणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि चाचांना तू तिथे नकोच आहेस. फक्त एका माणसाला दिवस माहीत असावा. मी आत्तापर्यंत जे जे खोटं बोलले ते मागाहून दुरुस्त करता आलं. हे पत्र एकदा पेटीत पडलं की परत काढता येणार नाही. बुधवारपर्यंत तुझ्या हातात येईल. त्यानंतर मी गप्प राहिले, तर तुला आणखी एक खोटं पत्र लिहायची माझी हिंमत होणार नाही.

तुझ्या मुठीतली माती मी शनिवारी बघितली. थोडी सांडली आहे. बाकीची आहे.

मैना

ता. क. पत्रिकेवर सकाळी अकरा छापलंय. साहेब अकराला येतील असं नाही, दुपारचा एकसुद्धा वाजेल. वेळेत चूक झाली तर ती माझी धरू नकोस. दिवस मात्र नीट बघून लिहिते आहे: गुरुवार, १२ फेब्रुवारी.